पाचव्या ‘का’चं उत्तर

सोमवार, १ सप्टेंबर

ही वही मागच्या दिवाळीत फायबर घट्ट करणारं रेझीन विकणाऱ्या एकाने भेट दिली. आतापर्यंत हिच्यात एक अक्षर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. एकोणीस वर्षं मी वाळूजला, एमआयडीसीच्या कुंपणालगत गट नंबरातल्या आमच्या शेडमध्ये फायबरच्या वस्तू बनवतो. टाक्यांची झाकणं, रिक्षाचे टप, फिरती शौचालयं. शौचालयांवर कोणी दैनंदिनी लिहीत नाही.

आज मात्र लिहिलंच पाहिजे. मोटार कंपनीने लहान व्हेंडरांची बैठक बोलावली होती. त्यांच्या क्वालिटीच्या सोनिया मॅडम म्हणाल्या, विजेच्या गाडीखाली बॅटरीवर जे लोखंडी झाकण बसतं ते चौदा किलोचं आहे, आम्हाला निम्म्या वजनाचं पाहिजे. कार्बन फायबर वापरा, पण भाव कार्बनचा लावू नका. लोखंडाच्या दीडपट, त्यावर एक रुपया नाही. लोक हसले. “मॅडम, सोन्याचं गंठन पितळाच्या भावात मागायलात,” असं मागून कोणीतरी म्हणालं. मी हसलो नाही. मी हात वर केला. मॅडमचं पुढचं वाक्य संपायच्या आत केला, त्यामुळे त्यांना ते पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं.

आठ ऑक्टोबरपर्यंत सहा नग द्यायचे. पास झाले तर वर्षाला बारा हजार झाकणांची ऑर्डर.

घरी सुलेखाला सांगितलं. ती म्हणाली, “तुम्हाला येतं का ते?” लग्नाला बावीस वर्षं झाली, पण प्रोत्साहन कसं द्यावं हे तिला अजून जमलेलं नाही.

मंगळवार, २ सप्टेंबर

चुलतभाऊ अतुल शेडवर येऊन गेला. जमीन दोघांच्या नावावर आहे हे तो दर भेटीत मला नव्याने सांगतो. त्याला शेड पाडून तिथं लग्नाचं लॉन करायचं आहे. हिरवळ, कारंजं, नवरदेवाला एंट्रीसाठी धूर. लॉनवाली पार्टी तयार आहे म्हणे.

“दादा, मी काय तुझा दुश्मन नाय. ऑर्डरचं पत्र दाखव, मी गप बसतो. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत नाय दाखवलं तर सही कर.”

“पाडव्याला तू स्वतः हार घेऊन येशील,” मी म्हणालो. बोलून गेलो खरा, पण तो गेल्यावर माणसं मोजली. शेडमध्ये तेवीस माणसं काम करतात. वडिलांनी, म्हणजे आबांनी, ही शेड उभी केली तेव्हा इथे नुसती बाभळीची झुडपं होती. तिच्या जागी कुणाच्या तरी वरातीतला घोडा उभा राहणार, हे काही मला सहन होणार नाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर

शेडमध्ये कार्बनचं ज्ञान असलेली एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे मी. मी रोज एक व्हिडिओ पाहतो. तरी पद्धत म्हणून विशाखाला बोलावलं. विशाखा आमची इंजिनियर. पॉलिमरचा डिप्लोमा केलाय, तीन वर्षांपासून आहे, हर्सूलहून स्कूटीवर येते. कामाला चांगली, पण कमी बोलते. त्यामुळे तिला कितपत समजतं याचा अंदाज येत नाही.

तिने झाकणाचं चित्र काढलं आणि त्यावर लाल पेनाने चार कडा आणि दोन आडव्या पट्ट्या रंगवल्या. म्हणाली, “सर, ताकद फक्त इथंच लागते, जिथं बोल्ट बसतात न जिथं झाकण वाकतं. तेवढ्याच जागी कार्बनच्या पट्ट्या टाकू. बाकी आपलं नेहमीचं काचेच्या धाग्यांचं कापड. नेहमीचंच रेझीन, वरून पंपाने हवा ओढून घ्यायची. वजन सातच्या आत येईल आणि भावात बसेल.”

मी विचारलं, “म्हणजे टाकीच्या झाकणाला काळा काठ लावायचा?”

“तसं म्हणा.”

बन्सी शेजारी उभा होता. बन्सी लासूर स्टेशनचा, आबांच्या वेळचा माणूस, शेडचा सगळा भार त्याच्यावर. तो म्हणाला, “हिमरू शालींचं कापड बी तसंच ऱ्हातं मालक. सूत न रेशीम मिळून. नुसत्या रेशमाचं परवडत नव्हतं म्हणूनच निघालं ते.”

मी दोघांना समजावलं, की मोटार कंपनीला कार्बन पाहिजे, शाल नको. पूर्ण कार्बनचं, काळंभोर, चटईसारखी वीण दिसणारं झाकण समोर ठेवलं की मॅडम भाव विसरतील. भावाचं नंतर बघता येतं. विशाखाने चित्राची घडी करून खिशात ठेवली.

गुरुवार, ११ सप्टेंबर

कार्बनचं कापड मागवलं. हे कापड रेझीनमध्ये भिजवूनच येतं, नुसतं साच्यावर अंथरायचं आणि भट्टीत भाजायचं. आमची भट्टी रंग वाळवायची, ऐंशीच्या वर जात नाही, म्हणून कमी आचेवर पिकणारं, म्हणजे घट्ट होणारं, घेतलं. विशाखा म्हणाली, कमी आचेवर पिकणारं कापड बाहेरच्या उन्हातही पिकायला लागतं, ते उणे अठरावर गोठवून ठेवावं लागेल. बाहेर राहिलं तर जेमतेम चार दिवस, तेही थंड खोलीत. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून कमी.

तिला प्रत्येक गोष्टीत अडचण दिसते. मी लगेच लासूर स्टेशनच्या आइस्क्रीमवाल्याकडून जुना फ्रीझर आणवला. दारावर लाल कोनाचं चित्र आहे. वास येतो, पण व्हॅनिलाचा आहे.

मंगळवार, २३ सप्टेंबर

रोल आला. परदेशी! सुक्या बर्फातून धूर सोडत आला. मी सगळ्यांना भोवती उभं करून फोटो काढला. सहा झाकणांना पुरेल एवढंच कापड आहे, इंचभरही जास्त नाही. एवढंसं कापड, पण त्याच्या पैशात दोन महिन्यांचे पगार झाले असते.

विशाखाने फ्रीझरवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: ‘हा फ्रीझर कधीही बंद करू नये.’ खाली सही केली. शेडमध्ये माझ्याशिवाय कोणी सही केलेला हा पहिलाच कागद. मला ते थोडं खटकलं, पण बोललो नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

काम दसऱ्यानंतर, शनिवारच्या मुहूर्तावर सुरू करायचं ठरवलं. विशाखा म्हणाली, “आत्ताच करू या ना सर, कापड ताजं आहे.” मी म्हणालो, नव्या कामाला मुहूर्त लागतो. ती उद्यापासून रजेवर आहे. दर दसऱ्याला आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जाते, त्यात बदल होत नाही. जाताना पुन्हा केबिनमध्ये आली. “सर, तेवढा फ्रीझर.” मी म्हणालो, “अगं हो.” माणसावर विश्वास म्हणून नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर, खंडेनवमी

काय सुंदर दिवस! आमच्या शेडमध्ये खंडेनवमी थाटात असते. यंत्रं धुऊन पुसून, हळदकुंकू, झेंडूच्या माळा. आबांच्या काळापासूनची पद्धत अशी, की पूजा झाली की मालकाने स्वतःच्या हाताने मेन स्विच खाली ओढायचा. वर्षभर राबलेल्या यंत्रांना विश्रांती. दसऱ्याला सोनं वाटून झालं, की पुढच्या कामाच्या दिवशी मालकानेच तो वर करायचा. यंदा शुक्रवार जोडून घेतला, म्हणजे यंत्रांना सलग तीन दिवस आराम.

फ्रीझरचीही पूजा केली. तो विशाखाचा कागद फोटोत बरा दिसत नव्हता, म्हणून त्यावर लक्ष्मीचं चित्र लावलं.

मी स्विचकडे निघालो तर बन्सी आडवा आला. “मालक, बर्फाच्या पेटीची लाइन शेजारच्या शेडमधून घेऊ का? वायर आणून ठिवली मी.”

“बन्सी, सगळी यंत्रं आराम करणार आणि तिनेच काय पाप केलंय? बंद दार आहे, आत बर्फ आहे. तीन दिवसांत काही होत नाही.”

“बाई सांगून गेल्याती—”

“मालक कोण आहे?”

तो बाजूला झाला. मी स्विच ओढला. खटका असा खणखणीत वाजला की अंगावर काटा आला. माझा फोन देऊन कोणाकडून तरी व्हिडिओ काढून घेतला होता, तो स्टेटसला टाकला. एकशे चाळीस लोकांनी पाहिला. सोनिया मॅडमनीही पाहिला आणि हात जोडलेले पाठवले.

शनिवार, ४ ऑक्टोबर

सकाळी स्विच वर केला. फ्रीझरखाली पाण्याचं थारोळं. रोल हाताला कोमट लागला, आणि वास व्हॅनिलाचा नव्हता. विशाखाने बोटाने दाबून पाहिलं, मग लक्ष्मीचं चित्र अलगद काढून खालचा कागद वाचला. स्वतःचंच अक्षर ती इतका वेळ का वाचत होती कोण जाणे.

“सर, हा गेला.”

“गेला काय, इथेच आहे. पुन्हा गोठव.”

“पुन्हा गोठवून उपयोग नाही सर. तीन दिवस पत्र्याखाली होता, अर्धा पिकलाय. थर एकमेकाला धरणार नाहीत. मॅडमना कळवू आणि मुदत मागू.”

मी साफ नाही म्हणालो. मुदत मागणारा व्हेंडर मला व्हायचं नाही. शिवाय घरी भाकरीचं पीठ उरलं तर सुलेखा फ्रीजमध्ये ठेवते, दुसऱ्या दिवशी त्याच्याही भाकरी होतातच. विशाखाला हे उदाहरण दिलं. तिने ते ऐकून घेतलं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सहा झाकणं तयार! काय सांगू, काळी कुळकुळीत, आरशासारखी. चेहरा दिसतो. मी प्रत्येकात पाहिला. वजन पाच किलो. विशाखा नाण्याने टकटक करून कान लावत होती. म्हणे आवाज बद्द येतोय. मी म्हणालो, आपण झाकण विकतोय, तबला नाही.

त्यातलं सगळ्यात देखणं झाकण केबिनमध्ये टीपॉय म्हणून ठेवलं. खाली चार पाय बसवून घेतले. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे की ही आता कोणती कंपनी आहे.

बुधवार, ८ ऑक्टोबर

नग नेऊन दिले. निघताना लक्षात आलं की सहा पाहिजेत आणि टीपॉयमुळे पाचच उरलेत. टीपॉयचे पाय काढायला गेलो तर ते चिकटवलेले. विशाखा म्हणाली, “सहावा आहे सर.” तिने आणि बन्सीने सुट्टीत, म्हणजे रविवारी येऊन, तिच्या त्या चित्राबरहुकूम एक झाकण केलं होतं. कापड बेतताना उरलेल्या चिंध्या नाहीत, तर दुसऱ्या कुठल्या तरी वर्कशॉपमधून आणलेल्या कोऱ्या कार्बनच्या पट्ट्या, बाकी आपली काच. दिसायला मांजराने ओरखडल्यासारखं. मध्ये पिवळट, कडेला काळं. वजन साडेसहा.

लाज वाटली, पण आकडा भरायचा होता. मी त्यावर काळा रंग मारून घेतला आणि गठ्ठ्यात तळाशी ठेवलं. कंपनीच्या फॉर्मवर ‘प्रक्रिया प्रमुख’ असा एक रकाना होता. त्याखाली वीस तांत्रिक प्रश्न होते, म्हणून तिथे विशाखाचं नाव टाकलं. अशा लहान जबाबदाऱ्या तरुणांना द्याव्यात.

शनिवार, ११ ऑक्टोबर

अतुल आला होता. टीपॉयवर गरम चहाची किटली ठेवली आणि पाच मिनिटांत तिथे पुरीसारखा फुगा आला. अतुलने बोट लावलं तर पापुद्रा निघून हातात आला. “दादा, हे कार्बन का पापड?” मी म्हणालो, टीपॉयला वेगळ्या प्रकारचं बनवलंय. बन्सीला किटली जपून ठेवायला सांगितलं. त्याची नजर हल्ली मंदावली आहे.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सोनिया मॅडमचा फोन. पाच नग नापास. वजन ठेवून हलवायच्या चाचणीत थर सुटले, एकाची तर पुस्तकासारखी पानं झाली. मग त्या म्हणाल्या, “सहावा नग कोणी केला? तो पास आहे. सगळ्या चाचण्यांत. आणि त्याला जोडलेल्या खर्चाच्या कागदाप्रमाणे लोखंडाच्या सव्वापटीत बसतो. हेच पाहिजे होतं आम्हाला.”

मी म्हणालो, “हो, ती आमच्याकडे विकसित केलेली संकल्पना आहे.” विशाखा समोर बसली होती. तिने पेनाचं टोपण उघडलं आणि लावलं.

आनंदाने उडीच मारणार होतो, पण मॅडम पुढे म्हणाल्या, “ऑर्डरचं पत्र काढते. त्याआधी पाच नग का गेले त्याचं व्हाय-व्हाय द्या. प्रक्रिया प्रमुखांच्या सहीसकट. अठरापासून आम्हाला दिवाळीची सुट्टी आहे. सतरापर्यंत आलं नाही तर मग पुढच्या व्हेंडरला विचारावं लागेल.”

व्हाय-व्हाय म्हणजे वाळूजचा एक छळ आहे. फॉर्ममध्ये पाच रकाने. चूक का झाली? त्याचं उत्तर लिहिलं की, ते का? मग ते का? असं पाच वेळा. लहान मूल मागे लागल्यासारखं. पाचव्या ‘का’ला खरं कारण सापडतं असं जपानी लोकांचं म्हणणं आहे.

जेवण गेलं नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

चार ‘का’ विशाखाने एका दमात भरले.

नग का नापास झाले? थर सुटले. का सुटले? कापडातलं रेझीन आधीच अर्धं पिकलं होतं. का पिकलं? फ्रीझर बंद होता. का बंद होता? मेन स्विच खाली होता.

पाचवा रकाना तिने कोरा ठेवून कागद माझ्यापुढे सरकवला. स्विच खाली का होता?

मी लिहिलं: ‘सांस्कृतिक कारणामुळे.’ मेल केला. दहा मिनिटांत मॅडमचा फोन. “संस्कृतीचा हात एवढा वर पोचतो का हो?”

मग लिहिलं: ‘वीजपुरवठ्यातील अडथळा.’ मॅडम म्हणाल्या, छान, वीज कंपनीचं पत्र जोडा. आमच्या भागात एरवी दिवसातून तीनदा लाइट जाते. नेमके ते तीन दिवस गेली नव्हती. सरकारी खात्यावर म्हणून भरवसा ठेवता येत नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सकाळी आंघोळ करताना उपाय सुचला. पाचव्या रकान्यात लिहिलं: ‘संबंधित कामगाराचे दुर्लक्ष.’ आणि शेजारच्या ‘उपाय’च्या रकान्यात: ‘कामगारास समज दिली.’ शेडचा भार बन्सीवर, म्हणजे फ्रीझरचाही. यात खोटं असं काही नाही. मॅडमनी उलट विचारलं, एवढं नुकसान करणाऱ्याला नुसती समज? कामावरून कमी केल्याचं पत्र जोडा, नाहीतर खरं कारण लिहा.

मी बन्सीला केबिनमध्ये बोलावलं. म्हणालो, फक्त कागदावर आहे, दिवाळीनंतर बघू. चष्मा नाकावर सरकवून त्याने अक्षर अन् अक्षर वाचलं.

“टाका मालक माझं नाव. शेड ऱ्हायली पायजे. तेवीस घरं हायती. माझी काय, दोन वर्सं उरलीत नोकरीची. ती गेली तर गेली.”

इतक्या सहज म्हणाला की मला एकदम हलकं वाटलं. मी म्हणालो, “बन्सी, तू मोठ्या मनाचा आहेस.” तो म्हणाला, “व्हय.” आणि तिथंच उभा राहिला. जाईना. मला वाटलं उचल मागतोय. मग तो म्हणाला, “फक्त साळूबाईला मी सांगणार नाय. तिला तुमीच सांगा. मी स्विच ओढला आसं तुमीच सांगा.” साळूबाई त्याची बायको. आबा गेले तेव्हा महिनाभर आमच्या घरी भाकऱ्या तिने थापल्या होत्या.

मी म्हणालो, बघू.

दुपारी कागद विशाखाकडे सहीला पाठवला. तो तसाच परत आला, मागोमाग ती.

“सर, मी यावर सही नाही करणार.”

“तुझं काय जातंय? ऑर्डर तुझ्याच झाकणाची आहे.”

“म्हणूनच. बन्सीमामांनी स्विच नाही ओढला. मामा वायर घेऊन उभे होते.”

“तू होतीस का इथे? तू नागपूरला होतीस.”

“व्हिडिओ पाहिला ना सर. तुमच्या स्टेटसला. मामा वायर घेऊन बाजूला उभे दिसतात त्यात.” मग म्हणाली, “मॅडमनी पण पाहिलाय.”

म्हणजे सोनिया मॅडमना पहिल्या दिवसापासून माहीत होतं! तीन दिवस ती बाई मला नाचवत होती आणि मी संस्कृतीपासून वीज मंडळापर्यंत सगळ्यांच्या गळ्यात माळ घालत फिरत होतो.

विशाखावर मी ओरडलो. तीन वर्षं इथं मीठ खाल्लंस वगैरे. ती म्हणाली, “मीठ नाही सर, ट्रेनीचा पगार. तीन वर्षं.” आणि बाहेर गेली. शेडमध्ये सगळे मान खाली घालून काम करत होते. इतकी शांतता मी आबा गेले त्या दिवशी पाहिली होती.

मला लाज वाटली. लिहूनच ठेवतो, वाटली. साळूबाईला मी काय सांगणार होतो, याचा विचार करून पाहिला. एक वाक्यसुद्धा जुळलं नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस

सकाळी आठला केबिन बंद करून पाचवा रकाना लिहायला बसलो. ‘व्यवस्थापनाच्या निर्णयामुळे’ असं लिहिलं. व्यवस्थापन म्हणजे कोण? इथे तर मी एकटाच आहे. खोडलं. ‘परंपरेची जाण असलेल्या नेतृत्वाकडून’ असं लिहिलं. तेही खोडलं, जागा कमी होती. शेवटी लिहिलं:

‘मालकाने स्विच खाली ओढला. विशाखा आणि बन्सी यांनी सांगितलं होतं. मालकाने ऐकलं नाही.’

एवढं लिहायला दीड तास लागला. दहावीचा निबंध मी अर्ध्या तासात लिहिला होता.

बन्सीला बोलावून वाचायला दिलं. त्याने चष्मा लावला, वाचलं, काढला. “पण मालक, लोक काय म्हणतील तुमाला?” एवढंच म्हणाला. पेन टेबलावरून घरंगळलं ते उचलून दिलं आणि कामाला गेला.

‘उपाय’ विशाखाने लिहिला. तिचं अक्षर मोठं आणि स्पष्ट आहे, ते मला कधीच आवडलं नाही. ‘मेन स्विचला कुलूप लावलं. किल्ली बन्सी यांच्याकडे राहील. मालक पूजा करतील. मालक स्विचला हात लावणार नाहीत.’ आणि खाली सही, जागा होती त्याहून मोठी. मग दुसरा एक कागद पुढे ठेवला. तिच्या कायम नेमणुकीचा. तो तिने कधी टाइप केला माहीत नाही, पण तारीख दोन वर्षांपूर्वीची होती, ती खोडून आजची घातली होती. मी दोन्हीवर सही केली.

मेल गेला साडेअकराला. मी देवाचं नाव घेत बसलो. अतुलचा मेसेज आला, लॉनवाला पाडव्याला मंडपाची जागा बघायला येतोय. बाराला मॅडमचं उत्तर आलं. वाटलं ‘शाबास’ वगैरे असेल. एकच ओळ होती.

‘कारण मान्य. डुप्लिकेट किल्ली कोणाकडे?’

बाईला कसं कळतं देव जाणे. ती माझ्या खिशात होती. कुलूप मीच आणलं होतं काल घरी जाताना, एक किल्ली बन्सीला दिली. दुसरी राहू दिली. मालकाकडे एक असायला नको का? जुडग्यातून काढताना नखाला लागलं. विशाखाच्या टेबलावर नेऊन ठेवली.

तिने किल्ली उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तिसरी?”

मी म्हणालो, कुलपाला दोनच किल्ल्या येतात. तिने कुलपाचा खोका पुढे केला. त्यावर छापलं होतं, ‘तीन किल्ल्यांसह.’

तिसरी घरी देव्हाऱ्यात ठेवली होती. सुलेखाला फोन लावला.

सुलेखा स्कूटीवर किल्ली आणि डबा घेऊन आली. वसुबारसेची पूजा अर्धी टाकून आली होती, हाताला कुंकू तसंच. विशाखाने तिन्ही किल्ल्या बन्सीच्या तळहातावर ठेवल्या, फोटो काढला, मेलला जोडला. चार वाजून दहा मिनिटांनी ऑर्डरचं पत्र आलं. बारा हजार झाकणं, सहाव्या नगाप्रमाणे. बाहेर कोणीतरी शिट्टी मारली, मग सगळ्यांनीच मारल्या. पत्र मी अतुलला पाठवलं, म्हणाला होता तसा तो गप बसलाय.

सुलेखाला हे सगळं काय चाललंय ते कळेना. तिने विशाखाला विचारलं. विशाखाने तीन वाक्यांत सांगितलं. खंडेनवमीपासून आतापर्यंतचं सगळं, फक्त तीन वाक्यांत.

सुलेखाने माझ्यापुढे डबा ठेवला. “मीच केलं, एवढंच म्हणायचं व्हतं ना? मंग चार दिवस जेवला कामून नाहीत?”

या ‘का’साठी फॉर्मवर रकाना नव्हता. विशाखा तिथेच उभी होती, बन्सीही, आणि दोघांनाही जायची काही घाई दिसत नव्हती.